सतरा मुलांची तारीख

बाळांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही बावीस किलोमीटर मोटारसायकल हाणत तालुक्याच्या कचेरीत आला आहात. अंगावर धूळ आहे, घसा कोरडा पडलाय. खिशात बोटाएवढा पेन ड्राइव्ह आहे आणि त्यात तुमच्या शाळेतल्या अठरा मुलांची यादी आहे. टेबलापलीकडे एक तरुण बसलाय. तो कंप्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून सांगतो, की यातली सतरा मुलं वयानं मोठी आहेत, ती बाद. आणि तुम्हाला तर पक्कं ठाऊक आहे, की ती मोठी नाहीत. काय कराल?

मी ओरडलो. पंचवीस वर्षांत वर्गात ज्यानं आवाज चढवला नाही, तो मी, भर कचेरीत ओरडलो.

“अहो, काय बोलताय? सगळी नऊ वर्षांची पोरं आहेत. तारखा नीट बघा ना!”

“बघूनच सांगतोय, गुरुजी.” तो प्रदीप, तिथला ऑपरेटर. सकाळपासून चाळीस शाळांच्या याद्या बघून त्याचे डोळे लाल झाले होते. “सहा जानेवारी नव्याण्णव. पुढचा? सहा जानेवारी नव्याण्णव. त्याच्या पुढची? तीच. नियम काय आहे? एक मे नव्याण्णवच्या आधी जन्मलेला चालत नाही. एकच पोरगं बसतंय तुमचं. मंगेश मदने.”

“सहा जानेवारी नाही हो, एक जून! मी स्वतः टाइप केलंय.”

“मग इथं सहा जानेवारी कसं उमटलं? माझ्या कंप्युटरचं काय तुमच्याशी वैर आहे?”

मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेलो. चष्मा पुसला. खरंच, ओळीनं सतरा वेळा तेच होतं: ०६-०१-१९९९.

“बरं, असेल काहीतरी चूक. बदला तुम्हीच. मी सांगतो, तुम्ही टाइप करा. दहा मिनिटांचं काम आहे.”

“शाळेच्या यादीला आम्ही हात लावायचा नाही. साहेबांची सक्त ताकीद आहे. शाळेनं दुरुस्त करून आणायचं.” त्यानं पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. “आज पाचपर्यंत. पाचनंतर यादी जिल्ह्याला जाते, मग देव आला तरी काही होत नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची, दिवाळीच्या आधीची. आमची कोकरेवस्तीची शाळा चौथीपर्यंत. माणदेशातली वस्ती, सगळी घरं मेंढपाळांची. दिवाळी झाली की निम्मी वस्ती मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायची, ती पावसाळ्याच्या तोंडाला परत. आईबापांबरोबर पोरंही जायची आणि शाळा तिथेच सुटायची. त्यामुळे पाचवीपासूनच्या सरकारी निवासी शाळेची परीक्षा म्हणजे आमच्यासाठी मोठी गोष्ट. तिथे एकदा लागलं, की बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, कशाचीच काळजी नाही.

त्यातून वैजू कोकरेचं तर सगळंच त्या यादीवर टांगलेलं होतं. तिचे वडील धुळाप्पा त्या वर्षी दिवाळीला थांबणार नव्हते, परवाच निघणार होते. मला त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “गुर्जी, यादीत नाव पक्कं झालं तर पोरीला परीक्षेपतोर मामाकडं ठेवतो. न्हाय झालं तर ह्या खेपेला आमच्यासंगं चालली. कोकरं राखाया माणूस न्हाय मला.” बोलण्यात राग नव्हता. त्यांची अडचण खरीच होती.

मी शाळेत पोचलो तेव्हा साडेबारा होत आले होते. जोडीच्या साळुंखे बाई एकट्या चारही वर्ग सांभाळत होत्या. मोटारसायकलचा आवाज ऐकून वैजू आधी बाहेर आली. आमचा कंप्युटर तिच्या ताब्यात असे. त्याच्यावरची ओढणी काढणं, धूळ झटकणं, बटण दाबणं, सगळं तीच करी. यादी मी टाइप केली तेव्हा रजिस्टरमधून तारखा तीच वाचून दाखवत होती.

“लागली नावं?” तिनं विचारलं.

“मंगेशचं लागलं.”

“आन् आमची?”

मी सरळ आत जाऊन कंप्युटर चालू केला. हे यंत्र मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं वापरून झाल्यावर शाळांना वाटलेल्यांपैकी होतं. ते जागं व्हायला पाच मिनिटं घेई, त्या दिवशी पंधरा घेतल्यासारखं वाटलं. शेवटी यादी उघडली. आणि काय सांगू, तारखा अगदी बरोबर! ओळीनं सतरा वेळा १/६/१९९९. एक जून नव्याण्णव.

“हे बघ!” मी टेबलावर हात आपटला. “हे बघ, इथं बरोबर आहे! तिथं सहा-एक दिसतंय, इथं एक-सहा. वाटेत काय पेन ड्राइव्हमध्ये तारखांनी जागा बदलल्या?”

वैजू पडद्याजवळ गेली, अगदी नाक टेकेल इतकी. तिची ती सवय होती. पुस्तकही तसंच वाचायची.

“गुर्जी, एक इचारू? मी तवाच इचारनार हुते, पर तुम्ही घाईत हुता.”

“विचार.”

“समद्यांच्या तारखा हिकडल्या अंगाला टेकल्यात, उजवीकडं. मंग्याची एकट्याची डावीकडं का?”

मी पाहिलं. खरंच. सतरा तारखा चौकटीच्या उजव्या कडेला चिकटलेल्या आणि मंगेशची तेवढी डाव्या कडेला. २३/०९/१९९९. मी ती टाइप करताना पाहिलं होतं, पण लक्ष दिलं नव्हतं.

“तू तिथं काही दाबलंस का?”

“म्या कशाला दाबू?”

मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात पडदा काळा झाला. पंखा थांबला. बाहेरून पोरांचा एकच ओरडा उठला, “लाइट गेलीऽऽ!” भारनियमनाचे दिवस होते. दुपारची वीज दोनच्या सुमारासच परत येई.

मी खुर्चीत मागे टेकलो आणि डोळे मिटून घेतले. बावीस किलोमीटर जायचं होतं, पाचची वेळ होती आणि कंप्युटर बंद. मनात जे शब्द आले ते मी तुम्हाला सांगणार नाही.

“गुर्जी, फळ्याला लाइट लागत न्हाय,” वैजू म्हणाली.

मग आम्ही फळ्यापाशी गेलो. चौथीची सगळी पोरं गोळा झाली. मी फळ्यावर दोन तारखा लिहिल्या, वैजूची १/६ आणि मंगेशची २३/९.

“कंप्युटरनं वैजूच्या तारखेची उलटापालट केली. मंगेशच्या तारखेला हात लावला नाही. का?”

“मंग्या सरपंचाचा भाचा हाय म्हणून!” मागून कुणीतरी म्हणालं. मंगेशनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

“अरे, शांत. मला सांगा, मंगेशच्या तारखेची उलटापालट केली तर काय होईल? नऊ पुढे गेला, तेवीस मागे. नीट विचार करा.”

पोरं बोटांवर मोजू लागली. वैजूचे ओठ हलत होते, चैत्र, वैशाख नव्हे, जानेवारी, फेब्रुवारी. डिसेंबरला ती थांबली.

“तेविसावा म्हैनाच न्हाय!”

“बरोबर. महिने बाराच. मग?”

“मग... त्यानं पयला आकडा म्हैना धरला, गुर्जी! मंग्याचा तेवीस त्याला म्हैना म्हनून गावंना. म्हनून ती तारीखच न्हाय म्हनून बाजूला बसवली. आन् आमचा एक...” ती थबकली. “आमचा एक म्हंजी जानेवारी.”

मी शिक्षक, आणि नऊ वर्षांच्या पोरीनं मला उलगडून दाखवलं होतं. काही देशांत आधी महिना आणि मग दिवस लिहितात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आमचा कंप्युटर स्वतःला त्याच देशात बसलेला समजत होता. म्हणून आमच्या पडद्यावर त्यानं १/६ जसंच्या तसं दाखवलं, पण मनात मात्र सहा जानेवारी धरलं. तालुक्याचा कंप्युटर आपल्या रीतीनं सांगणारा. त्यानं ते मनातलं उघड केलं, एवढंच.

“म्हंजी ह्यो आपल्या वस्तीवर बसून परदेशात ऱ्हातोय व्हय?” मंगेश म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं.

दोनला दहा मिनिटं कमी असताना वीज आली. रोग कळला होता, औषध सापडत नव्हतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये यादी होती, त्यात मी एकेक पान उघडू लागलो. एका ठिकाणी भाषा निवडायची सोय दिसली. खाली खाली जात मराठी शोधली, निवडली. तारखा होत्या तशाच. बंद करून पुन्हा उघडलं, तशाच. इंग्रजी शब्दांखाली मात्र नागमोडी लाल रेघा आल्या. म्हणजे ती भाषा नुसती शब्द तपासण्यापुरती होती. पुन्हा शोध. पुन्हा लाल रेघा. सव्वादोन. मी इतक्या जोरात माउस आपटला, की पहिलीतलं एक पोर दचकून रडायला लागलं.

“त्या ऑपरेटर दादाला फोन लावा की,” वैजू म्हणाली.

फोन लावायचा म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढायचं. वस्तीवर रेंज फक्त तिथे, तीही वरून तिसऱ्या पायरीवर. आणि कंप्युटर खोलीत. मग आम्ही माणसांची तार टाकली. मी टाकीवर, मंगेश व्हरांड्याच्या कट्ट्यावर, पिंटू हाके खिडकीत आणि वैजू कंप्युटरसमोर. प्रदीप मला सांगणार, मी मंगेशला ओरडून सांगणार, तो पिंटूला, पिंटू वैजूला. आणि वैजूचं उत्तर त्याच वाटेनं उलट.

“गुरुजी, त्या यादीच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही सापडणार. ती सोय कंप्युटरच्याच मुळाशी असते,” प्रदीप फोनवर म्हणाला. “कंट्रोल पॅनेल उघडायला सांगा.”

“कंट्रोल पॅनेल!” मी ओरडलो.

“कंट्रोल पॅनेल!” मंगेश.

“उघडलं म्हनती!” थोड्या वेळानं खिडकीतून.

“पृथ्वीच्या गोलाचं चित्र शोधायचं. त्याच्याखाली आर, ई, जी असं लिहिलंय.”

हे मंगेशपर्यंत पोचलं, पिंटूपर्यंत पोचलं, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी पायऱ्यांवरून वाकून बघत होतो. उन्हानं टाळू तापली होती. शेवटी पिंटूचा आवाज आला, “वैजी म्हनती, गोल घावला! उघडला! त्यात इंग्लिश लिवलंय, म्होरं कंसात यू, एन, आय, टी...”

“तेच, तेच!” प्रदीप म्हणाला. “ते काढून इंडिया करा. खाली ओके दाबा. झालं.”

मी टाकीवरून उतरलो नाही, जवळजवळ पडलोच. धावत आत गेलो. वैजू खुर्चीच्या कडेवर बसून पडद्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“म्या बरोबर केलं हुतं, गुर्जी. देवाशप्पत बरोबर केलं हुतं.”

पडद्यावर सतरा ओळींत ०६-०१-१९९९. आता आमच्या पडद्यावरही. जे इतका वेळ निदान इथे तरी बरोबर दिसत होतं, तेही गेलं.

“कुणी सांगितलं होतं याला?” मी कंप्युटरवर खेकसलो. होय, यंत्रावर. “कुणी विचारलं? माझ्या पोरांच्या जन्मतारखा परस्पर बदलायचा अधिकार याला दिला कुणी? जन्मात न बघितलेल्या पोरांची तारीख हा ठरवणार!”

साळुंखे बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी खाली बसलो आणि मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. वैजूनं बरोबरच केलं होतं. यंत्रानं मनात धरलेली चूक आता आम्हालाही दिसायला लागली होती. आता सगळ्या तारखा पुसून नव्यानं टाइप करायच्या, म्हणजे या वेळी ते त्या आपल्या रीतीनं धरणार.

“पूस डोळे. ये इकडे. या वेळी तू टाइप कर, मी सांगतो.”

तिनं पहिली तारीख एका बोटानं टाइप केली. ०१/०६/१९९९. चौकट सोडल्याबरोबर तिची ०१-०६-१९९९ झाली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरी. तिसरी. मी रजिस्टरवरून बोट फिरवत नावं सांगत होतो आणि प्रत्येक नावापुढे, “एक जून नव्याण्णव.”

पाचव्या-सहाव्या नावाला तिचं बोट थांबलं.

“गुर्जी, समदी एकाच दिशी कशी जल्मली?”

“टाइप कर, वेळ नाही.”

तिनं आणखी दोन केल्या. मग तिचं स्वतःचं नाव आलं.

“म्या खरंच एक जूनला झाले?”

पहिलीत दाखल करताना प्रत्येक गुरुजी हेच करत आलाय, असं मी सांगू शकलो असतो. आईबापांना तारीख ठाऊक नसते, जूनमध्ये शाळा सुरू होते, पोराला सहा वर्षं पुरी दाखवली की कुणाची हरकत नसते, म्हणून एक जून. माझ्या गुरुजींनी तेच केलं, त्यांच्या गुरुजींनीही. पण ती माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हणालो.

“मग कवा?”

“मला माहीत नाही. मी लिहिली ती. तुझी आई तुला घेऊन आली होती तेव्हा.”

“आईला ठावं न्हवतं?”

आता मला सगळं आठवलं. ते मी विसरलो होतो असं नाही. आठवायची वेळच माझ्यावर आली नव्हती. दाखल करण्याच्या दिवशी तिची आई, काशीबाई, माझ्या टेबलासमोर उभी होती. तिनं सांगायला सुरुवात केली होती, “गुर्जी, मेंढरं नीरा नदी उतरून पल्याड गेली का, त्याच्या दुसऱ्या दिशी सांजंचं...” मागे तीस माणसांची रांग होती. मी पेन वर केलं आणि म्हणालो, “बाई, तारीख सांगा. गोष्ट नको.” ती गप्प झाली. मी एक जून लिहिलं आणि “पुढचे” म्हणालो.

हे मी वैजूला सांगितलं. जसंच्या तसं. तिनं ऐकून घेतलं, पडद्याकडे वळली आणि आपल्या नावापुढे ०१/०६/१९९९ टाइप केलं. मग पुढचं नाव विचारलं.

मंगेशची तारीख सगळ्यात शेवटी; तो एकटाच दवाखान्यात जन्मलेला, म्हणून तेवढी खरी. ती या वेळी मुकाट्यानं इतरांच्या रांगेत उजवीकडे जाऊन बसली. मी पेन ड्राइव्ह खिशात घातला, शाळेचं जाडजूड जनरल रजिस्टर पिशवीत टाकलं आणि मोटारसायकलला किक मारली. वैजू मागच्या सीटवर चढून बसलेली.

“तू कुठे?”

“म्या येनार. माझं नाव ऱ्हायलं का न्हाय, त्ये माझ्या कानानं ऐकनार.”

बाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. आम्ही निघालो.

कचेरीत पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. प्रदीपनं यादी उघडली, सतरा तारखा बघितल्या आणि हसला. “जमलं की, गुरुजी!” पण त्याच वेळी विस्तार अधिकारी बनसोडे साहेब मागून आले. त्यांच्या हातात सकाळच्या यादीचा कागद होता.

“थांब, प्रदीप.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो कागद पडद्याशेजारी धरला. “गुरुजी, सकाळी सतरा पोरं वयात बसत नव्हती. दुपारी सगळी बसली. पाच महिन्यांनी लहान होऊन आली सगळी. असं कसं?”

“साहेब, कंप्युटरची चूक होती. तारखेची रीत परदेशी होती, ती...”

“कंप्युटरची चूक मला मागच्या वर्षीही एकानं सांगितली होती. त्याची चौकशी अजून चालू आहे.”

मी रजिस्टर काढून त्यांच्यापुढे उघडलं. साहेबांनी पान बघितलं, बोट वरून खाली नेलं. एक जून, एक जून, एक जून. एकच शाई, एकच अक्षर. हे पान बघून कुणालाही संशयच आला असता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

साहेब चक्क हसले.

“तुमचीही सगळी एक जूनच का? या तालुक्यात एक जूनला जन्मलेले इतके लोक एकतीस मेला रिटायर होतात, की निरोप समारंभाला हार मिळत नाहीत. मीसुद्धा त्याच दिवशी.” त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “माझ्या गुरुजींचीच कृपा.” मग ते पुन्हा गंभीर झाले आणि वैजूकडे वळले. “काय गं, यातलीच का तू? काय नाव?”

“वैजयंता धुळाप्पा कोकरे.”

“जन्म कधीचा तुझा?”

ती तारीख खरी नाही, हे मीच तिला आज दुपारी सांगितलं होतं. ती “एक जून” म्हणाली, की काम होणार होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला मान हलवता आली नाही, होकारानं नाही आणि नकारानंही नाही.

“कागदावर एक जून, साहेब,” ती म्हणाली. “खरा कधीचा, त्ये आईला ठावं.”

प्रदीपचे हात कळफलकावर थांबले. साहेबांनी चष्मा खाली घेतला. मी खिडकीबाहेर बघू लागलो. आता काय ऐकावं लागणार, याची मी वाट बघत होतो.

“कागदावर एक जून ना?” साहेब सावकाश म्हणाले. “मला कागदच तपासायचा असतो, बाळ.” त्यांनी पेन काढून हातातल्या कागदावर दुरुस्तीची सही केली. “घे रे प्रदीप. अठराही घे.”

प्रदीपनं बटण दाबलं. पाचला दहा मिनिटं कमी होती. मी तिथल्या बाकावर बसलो. पण वैजू साहेबांसमोरून हलली नव्हती.

“साहेब, तुमचा खरा कधीचा?”

“वैजू!” मी दटावलं.

साहेबांनी हातानंच मला थांबवलं. ते काहीतरी आठवत असावेत असं वाटलं, पण तसं नव्हतं.

“आई जाऊन अकरा वर्षं झाली,” ते म्हणाले. “विचारायचं राहूनच गेलं.”

वैजूनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं माझी बाही धरली आणि ओढली. “गुर्जी, उठा. चला लवकर.”

वस्तीच्या अलीकडच्या माळावर धुळाप्पांच्या मेंढरांचा तळ होता. घोड्यावर लादायचं सामान बाहेर काढून ठेवलेलं, काशीबाई जाळीचं कुंपण गुंडाळत होती. मोटारसायकल पुरती थांबायच्या आधी वैजूनं उडी मारली.

“लागलं का गं नाव?” काशीबाईनं विचारलं.

“लागलं.” जणू ती फार जुनी बातमी होती, असं ती म्हणाली. “आई, म्या कवा झाले?”

“आत्ता? कामं पडल्यात ढीगभर.” काशीबाईनं माझ्याकडे पाहिलं. साडेतीन वर्षांपूर्वी टेबलापलीकडून पाहिलं होतं तसंच, जपून. “गुर्जींनी लिवलंय की.”

“गुर्जींना ठावं न्हाय. तू सांग. पार पयल्यापासनं सांग.”

मी मोटारसायकल बंद केली आणि तिथेच एका दगडावर टेकलो. काशीबाईनं हातातली जाळी खाली ठेवली. वैजूनं दप्तरातून वही काढली, आईच्या समोर मातीतच मांडी घालून बसली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावून वाट बघू लागली.